दोन घरांचा घोडा

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या वाचनालयात मराठी पेपर एकच यायचा आणि त्यातलं शब्दकोडं गुरुजींचं असायचं. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. नागपूरहून पहिल्या बसने गठ्ठा उतरायचा, चपराशी तो आणून टेबलावर टाकायचा, हिंदी पेपरांवर लोक तुटून पडायचे आणि मराठी पेपर घडीही न मोडता कोपऱ्यातल्या खुर्चीजवळ पडून राहायचा. मग गुरुजी यायचे, चष्मा पुसायचे, आतलं पान काढायचे आणि खिशातल्या निळ्या पेनाने कोडं भरायला बसायचे. ‘पेपरवर काही लिहू नये’ ही पाटी अगदी त्यांच्या डोक्यावर लागलेली होती.

गुरुजी रामाकोन्याकडच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. घरची संत्र्याची बाग, पराटीची म्हणजे कापसाची शेती, गावात मान. मी तेव्हा कॉलेजात होते. माझे बाबा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर, घर विहाराजवळच्या वस्तीत. आम्ही बौद्ध. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मी वाचनालयात जायची ती नोकरीच्या परीक्षांची पुस्तकं वाचायला. ती सगळी हिंदीत. पाचवीपर्यंत मराठी शाळा, त्यानंतर सगळं हिंदी, आणि घरी आपली बोली, असं आमच्याकडच्या पोरांचं असतं. एक दिवस गुरुजी यायच्या आधी मी तो मराठी पेपर उघडला आणि कोड्याचे शोधक शब्द वाचले. निम्मे मला समजलेच नाहीत. माझी भाषा, आणि मला येत नव्हती. त्या गोष्टीचा मला राग आला. कोड्याचा नाद मला रागातून लागला, हे आजही कुणाला खरं वाटत नाही.

मग मी रोज लवकर जायला लागले. गुरुजी येईपर्यंत पेपर माझ्या हातात असायचा. लिहायची सोय नव्हती, त्यामुळे सगळं डोक्यात भरावं लागायचं. आडवा शब्द आठवायचा, त्याचं कुठलं अक्षर कुठल्या उभ्या शब्दात उतरतं ते धरून ठेवायचं आणि पुढे जायचं. सुरुवातीला दोन-तीन शब्दांनंतर सगळं सांडून जायचं. हळूहळू अर्धं कोडं डोक्यात उभं राहायला लागलं. गुरुजी निघून गेले की मी त्यांच्या निळ्या अक्षरांशी माझं ताडून पाहायची.

अशीच एकदा ताडून पाहत होते आणि गुरुजी छत्री विसरले म्हणून परत आले.

“काय पाहून राहिली पोरी?”

मी पेपर खाली ठेवला. पण तोंडातून निघून गेलं, “गुरुजी, तो घोडा चुकला वाटते.”

‘घोडा’ असा शोधक होता, घरं दोन. गुरुजींनी ‘अश्व’ लिहिलं होतं आणि त्यामुळे खालचा उभा शब्द अडला होता. त्यांनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मग स्वतःशीच हसले आणि ‘अश्व’ खोडून ‘वारू’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्यांच्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची ठेवलेली होती.

ते दिवस चांगले होते, हे मला नाकारता येत नाही. नाकारता आलं असतं तर सोपं झालं असतं. गुरुजींना शिकवता यायचं. ते म्हणायचे, घोड्याला हय, अश्व, वारू, तिन्ही दोन घरांचे, म्हणून घोडा दिसला की हात आवरायचा, आधी त्याला छेदणारा शब्द शोधायचा. जोडाक्षराला घर एकच, हे नवीन माणूस विसरतो. शोधक अनेकवचनी असला तर उत्तरही अनेकवचनी. लहान शब्दांनी सुरुवात करायची नाही, लांब शब्द बसवायचा, त्याच्या पोटातून बाकीचे निघतात. आणि कोडं रचणारा माणूस आळशी असतो, अडचणीच्या कोपऱ्यात तो तेच ते शब्द भरतो. नभ, काक, अलि, सुत, कर. हे कोपरे आधीच ओळखायला शिकलं की निम्मी लढाई झाली.

त्यांनी मला जुन्या कोड्यांची कात्रणं दिली. घरून शब्दकोश आणून दिला. मी महिनाभर तो वाचला, गोष्टीचं पुस्तक वाचावं तसा. परत करायला त्यांच्या घरी गेले तर गुरुजींच्या बायकोने फाटकातच विचारलं, कुणाची तू. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ओट्यावर ठेवून दे. मी ठेवला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी गुरुजी आपणहून म्हणाले की काल ते बागेत गेले होते, नाही तर चहा दिला असता. त्यांच्या चपला मी दारात पाहिल्या होत्या. तरी मी त्यांच्याशेजारी बसून पेपर उघडला. शिकायचं होतं ना मला.

कोड्यातले शब्द पुण्याकडच्या घरातले असायचे. भाजीवर चिरून घालतात ती हिरवी पानं, घरं चार. मी सांबार म्हणून अडून बसलेली, ते तर तीनच घरांचं. उत्तर निघालं कोथिंबीर. फल्लीला भुईमूग, कोहळ्याला भोपळा. आणि पूजेचे शब्द तर विचारूच नका. आचमनी, ताम्हन, निरांजन, चंदन उगाळायची सहाण. आमच्या घरात यातली एकही वस्तू नव्हती आणि ज्यांच्या घरात होती त्या घरात मी कधी देवघरापर्यंत गेले नव्हते. मी ते शब्द पाठ केले. वस्तू न पाहता नुसते शब्द. एकदा गुरुजींना विचारलं की आपल्याकडचे शब्द कोड्यात का येत नाहीत.

“कोड्याले शुद्ध मराठी लागते,” ते म्हणाले. “आपली बोली घरी ठेवायची.”

हे ते आमच्याच बोलीत म्हणाले, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

वेग मात्र मी घरी कमावला. बाबा ऑफिसातली रद्दी आणायचे, त्यात नागपूरचे जुने मराठी पेपर निघायचे. आई कुकर लावायची आणि मी कोडं घेऊन बसायची. शिट्ट्या संपून आईने गॅस बंद करायच्या आत कोडं पुरं करायचं, असा माझा मीच नियम केला होता. आधी डाळ शिजून जायची आणि माझा अर्धा कागद कोरा. मग मी एक खोड मोडली. एक शब्द लिहायचा, मग पुढचा शोधक वाचायचा, असं करायची ते सोडलं. हात एक शब्द लिहीत असताना डोळे पुढच्या शोधकावर ठेवायला शिकले. अडलं की तिथे घुटमळायचं नाही, सोडून पुढे जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. लिहून सोडवणं मला सोपंच वाटायचं, कारण मी आधी न लिहिता शिकले होते. पावसाळा संपेपर्यंत पहिल्या शिट्टीलाच कोडं भरून माझं पेन खाली पडायला लागलं. आई म्हणायची, एवढा अभ्यास परीक्षेचा केला असता तर आजपर्यंत लागली असती कुठेतरी.

वाचनालयात मात्र मी मुद्दाम हळू सोडवायची. तरी गुरुजींना कळलंच. आधी ते विचारायचे, “आडवा नऊ काय बसंन?” मी सांगितलं की खूश व्हायचे, शेजारच्याला ऐकवायचे की पोरगी हुशार आहे. मग म्हणायला लागले, थांब, सांगू नको. मग विचारणंच थांबलं. माझी खुर्ची तिथेच होती, पण पान ते आपल्याकडे तिरकं धरायला लागले.

पांढुर्ण्याच्या मराठी मंडळाने वार्षिक कार्यक्रमात शब्दकोडं सोडवायची स्पर्धा ठेवली, तेव्हा गुरुजींनीच मला सांगितलं. तूही चल म्हणाले. दरवर्षी काही ना काही स्पर्धा असायची आणि मराठीचं काही असलं की गुरुजींचा नंबर ठरलेला. आम्ही बसने गेलो. वाटेत त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली, उत्तरं सुवाच्य लिहायला सांगितलं आणि घाबरू नको म्हणाले. मला वाटतं तेव्हा ते मनापासून बोलत होते.

एका शाळेच्या हॉलमध्ये बाकं लावली होती. बहुतेक रिटायर झालेली माणसं, काही शिक्षक, चार-दोन बायका. कोडं नागपूरच्या एका प्राध्यापकांनी त्या दिवसासाठी खास रचलेलं होतं आणि ते स्वतः समोर बसले होते. कागद वाटले, घंटा झाली. गुरुजी माझ्या पुढच्या रांगेत, पेनाचं टोपण दातात धरून.

चांगलं कोडं होतं. मधला लांब शब्द मला लगेच दिसला आणि त्यानंतर काही अडलंच नाही. मी पेन ठेवून हात वर केला तेव्हा हॉलमध्ये कागदांचा आवाज तेवढा होता. मंडळाच्या सचिवांना वाटलं मला काही विचारायचं आहे. झालं म्हटल्यावर त्यांनी कागद नेऊन प्राध्यापकांना दिला. प्राध्यापकांनी तपासला आणि ‘वा’ म्हणाले. सगळं बरोबर होतं.

सचिवांनी विचारलं, गाव कुठलं. सांगितलं. वडील काय करतात. सांगितलं. पूर्ण नाव काय. मी आडनावासकट सांगितलं. ते ऐकून त्यांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला आणि पुन्हा वरपासून पाहिला, जणू मघाशी नीट पाहिलाच नव्हता.

मग कुजबुज सुरू झाली. झेरॉक्स कुठून काढली, कागद कुणाच्या हाती लागला तर नाही ना, एवढ्या लवकर होतंच कसं. हे सगळं माझ्यासमोर, पण माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. तोवर बाकीच्यांचे कागदही गोळा झाले होते. शेवटी सचिव गुरुजींकडे वळले. ही तुमच्यासोबत आली ना, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं.

मला अगदी हायसं वाटलं. आता गुरुजी सांगतील, ‘ही न लिहिता कोडं सोडवायची, माझ्या चुका दाखवायची.’ मी त्यांच्याकडे पाहत होते.

गुरुजी उभे राहिले. चष्मा काढून हातात घेतला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मीच शिकवलं हिला. पण एवढं नाही शिकवलं.”

बस, एवढंच. हिने चोरी केली असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

प्राध्यापक जरा अवघडले. त्यांच्या पिशवीत त्यांनीच रचलेलं दुसरं एक कोडं होतं, कुठेच न छापलेलं. ते म्हणाले, हरकत नसेल तर हे सोडवून दाखव. हरकत आहे म्हणायची माझी छाती झाली नाही. मला समोरच्या टेबलाशी बसवलं आणि लोक भोवती उभे राहिले. पहिले शब्द वाकडेतिकडे आले. शोधक वाचत गेले. देवाला ओवाळायचं, घरं चार. निरांजन. गंध उगाळायचा दगड, घरं तीन. सहाण. त्या लोकांच्या देवघरातली एकेक वस्तू मी त्यांच्यासमोर नाव घेऊन मांडत होते आणि ते माझ्या खांद्यावरून पाहत होते, मी चुकते का म्हणून. मी चुकले नाही. वेळ लागला, पण एकही घर रिकामं राहिलं नाही.

प्राध्यापक म्हणाले, शंकाच नाही, हिचंच. सचिव आणि मंडळाची दोघं-तिघं कोपऱ्यात जाऊन बोलून आले. निकाल सांगितला तो असा, की पहिला क्रमांक विभागून, गुरू आणि शिष्या दोघांना. गुरुजींच्या कागदावर तीन घरं कोरी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. शाल-श्रीफळ एकच आणलेलं होतं, ते वयाने मोठे म्हणून गुरुजींना. मला प्रमाणपत्र.

गुरुजींना दोन शब्द बोलायला सांगितले. ते छान बोलायचे. म्हणाले, आपली शिष्या आपल्या पुढे गेली याहून मोठं सुख शिक्षकाला नाही, आज माझ्या आयुष्याचं सार्थक झालं. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. सचिवांच्या बायकोने डोळे पुसले. मला त्या हॉलमध्ये एवढं वाईट मघाच्या वाक्यानेही वाटलं नव्हतं.

परतीची बस एकच होती. गुरुजी पुढे बसले, मांडीवर शाल घेऊन, आणि बाजूची जागा त्यांनी हात ठेवून धरली.

“इकडे बस ना. जागा आहे.”

मी दांडा धरून उभी राहिले, सौंसरपर्यंत. कंडक्टरही दोनदा म्हणाला, बाई, जागा आहे. उतरताना गुरुजींनी नारळ माझ्यापुढे केला, घरी घेऊन जा म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे फोडत नाहीत. तेवढंच काय ते मी त्यांना उत्तर दिलं.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, नंबर तर दिला ना, मंग कसाले रडून राहिली? आठवड्याने गुरुजी बाबांच्या ऑफिसात गेले होते. पोरगी येत नाही आजकाल, तिला येऊ द्या, खुर्ची रिकामी राहते, असं म्हणाले. बाबांनी तो निरोप घरी आणला आणि चपला काढता काढताच सांगितला. मग हात-पाय धुऊन आले आणि म्हणाले, “तुले जायचं नसंन तं नको जाऊ. मी पाहून घेईन त्यायले.” बाबा नगरपालिकेत कुणालाच कधी ‘पाहून घेईन’ म्हणाले नव्हते. मी वाचनालयात पुन्हा पाय ठेवला नाही. परीक्षांची पुस्तकं दुसरीकडून मिळवली.

त्यानंतर मी एकदा स्वतः कोडं रचलं. त्यात सांबार होतं, फल्ली होती, कोहळं आणि पराटीही होती. शोधक इतके सोपे ठेवले की आमच्या वस्तीतल्या कोणत्याही बाईला भरता आलं असतं, आणि आईने ते खरंच भरलं, मी वाचून दाखवत गेले तशी. पेपरला पाठवलं. बऱ्याच दिवसांनी एका सभ्य आवाजाचा फोन आला. रचना उत्तम आहे म्हणाले, फक्त बोलीतले शब्द वाचकांना अडतात, ते बदलून पाठवाल का. मी बदलले नाहीत, पाठवलंही नाही. वाचक म्हणजे कोण, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

पुढे पांढुर्णा जिल्हा झाला, नवी ऑफिसं उघडली आणि मला तिथे कॉम्प्युटरवर काम मिळालं. सौंसर ते पांढुर्णा रोज बस. कोडं आता मोबाइलवर येतं. बस सौंसरच्या बाहेर पडायच्या आत माझं होऊन जातं. खाली किती वेळ लागला ते दिसतं, लोकांना पाठवायचं बटणही असतं. मी ते कधी दाबत नाही. एवढ्या लवकर कसं झालं, हे कुणी विचारलेलं मला चालत नाही.

मागच्या थंडीत शनिवारी ऑफिसात जादा काम होतं म्हणून निघाले. शनिवारची बस जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी भरलेली असते. मला कशीबशी जागा मिळाली, आणि पाहते तर पुढच्याच सीटवर गुरुजी. फार थकलेले, गळ्याला मफलर, हातात घडी घातलेला पेपर आणि तेच निळं पेन. मान वळवली तेव्हा त्यांनी मला ओळखलं. कुठे असतेस विचारलं, नोकरी लागली ऐकून खरंच आनंदले. आई-बाबांचं विचारलं. मग पेपर माझ्याकडे केला. डोळ्यांना दिसत नाही म्हणाले, जरा वाच. अडलेला होता उभा अकरा, ‘कोवळी पालवी’, घरं चार, शेवटचं अक्षर ‘य’.

मी मोठ्याने वाचायच्या आधीच मला आलं होतं.

“किसलय,” मी म्हटलं.

त्यांनी ते सावकाश लिहिलं, एकेक घर चाचपत. वर न पाहता म्हणाले, “ओठावरच होतं माझ्या.”

मग शेजारच्या माणसाला कोपराने हलवून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिले मीच शिकवलं बरं,” ते म्हणाले. त्या माणसाने माझ्याकडे पाहून मान डोलावली. यात खोटं काहीच नव्हतं.

“अजून सोडवत असशील ना?” गुरुजींनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “टाइम नाही भेटत.”

त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. सोडायला नको होतं, हात चांगला होता तुझा, असं म्हणाले आणि पेपरची घडी घालून खिशात कोंबली. जामसांवलीला कंडक्टरने त्यांना दंडाला धरून उतरवलं. मंदिराकडे जाणाऱ्या गर्दीत ते एकटेच हळू चालत होते, लोक त्यांना ओलांडून पुढे जात होते. बस निघाली. मी मोबाइल काढला. त्या दिवसाचं कोडं माझं सकाळीच झालेलं होतं, म्हणून आदल्या दिवशीचं उघडलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं.